सदतीस बेवारस खोकी

दुसऱ्यांची घरं हलवण्याच्या धंद्यात तेवीस वर्षं काढली की माणसाचा माणसांवरचा विश्वास थोडा कमी होतो आणि पुठ्ठ्यावरचा वाढतो. टेपमावशींचं तसंच झालं होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण हजेरीपुस्तक कोणी वाचत नसे. डाव्या मनगटात बांगडीसारखं अडकवलेलं खाकी चिकटपट्टीचं रीळ, कमरेला कात्री आणि कानामागे जाड मार्कर अशा थाटात त्या कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरत आणि दोन तासांत तो संसार खोक्यांत बसवून बाहेर येत. स्वतःच्या घरीही साखरेच्या डब्यावर ‘साखर’ असं लेबल होतं. नवरा लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेला. त्याचं वरखाली करण्याचं काम संपलं होतं, बोलण्याचं नव्हतं. तो म्हणायचा, “बरं झालं लिहिलंस, नाहीतर चहात मीठच घालणार होतो.”

“मिठाच्या डब्यावरही लिहिलंय. तोही वाचत जा.”

मावशींचे नियम ठरलेले होते. लेबलावर खोकं कसं दिसतं ते लिहायचं नाही, आत काय आहे ते लिहायचं, आणि तेही गिऱ्हाईक बोलेल त्याच शब्दांत. बंद केलेलं खोकं मालकाशिवाय कोणी उघडायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की, घर पुरतं रिकामं होईपर्यंत एकाही खोक्याला टेप मारायची नाही. हा नियम पुस्तकातला नव्हता, अनुभवातला होता. शेवटची टेप लागली रे लागली की घरातलं कोणीतरी हातात काहीतरी घेऊन येतंच आणि म्हणतं, “अगंबाई, हे राहिलंच!” म्हणून मावशींची टोळी दिवसभर खोकी उघडीच ठेवी, आणि सगळ्या खोल्या बघून झाल्या की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एका दमात बंद करत जाई. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो अंगाशी येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी एका विद्वान गृहस्थाच्या पुस्तकांच्या खोक्यानं मावशींचा उजवा खांदा निकामी केला. पुस्तकं माणसाला वर उचलतात असं म्हणतात. माणसानं पुस्तकं उचलली तर काय होतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मालकांनी त्यांना घरी न बसवता गोदामाच्या दाराशी टेबल दिलं, एक जुना कॉम्प्युटर दिला आणि आल्यागेल्या खोक्यांची नोंद ठेवायला सांगितली.

गोदामाच्या मागच्या भिंतीला बेवारस खोकी होती. एखादं कुटुंब गोदामात सामान ठेवतं, नवं घर मिळालं की नेतं, आणि नेताना एक खोकं मागे राहतं. महिन्याभरानं त्यांना कळतं तेव्हा कंपनीचा नंबर हरवलेला असतो, आणि कंपनीला कळतं तेव्हा त्यांचा बदललेला असतो. अशी सदतीस जमली होती. लेबलं वाचावीत तर मनुष्यस्वभावाचा धडाच. ‘बाबांचे कागद, फेकू नका, फेकू नका.’ ‘बैठकीची खोली, इतर.’ ‘काय आहे माहीत नाही, पण घ्या.’

एकोणीस नंबरच्या खोक्यावर मावशींच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘आई. वरचं कपाट. हळू.’

नऊ वर्षांपूर्वीचं ते खोकं. त्या वर्षीचे कागद छतातून आलेल्या पाण्यानं लगदा झाले होते, त्यामुळे ते कोणाचं हे सांगायला फक्त ते चार शब्द उरले होते. आकारानं मध्यम, वजनाला जड, पण हलवलं तर आवाज नाही. काचेचं असतं तर कणभर किणकिणलं असतं, पुस्तकं असती तर खांद्यानं ओळखली असती. मावशींनी हजारो खोकी भरली होती, हे एक आठवत नव्हतं. आतापर्यंत त्यांच्या हातचं एकही खोकं वाट चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर ते हेच. त्या रोज येताजाता त्याच्यावर हात ठेवत. बोलत नसत, पण बोलण्याच्या बेतात असत.

बारा तारखेला मालक आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “मावशी, मागची अर्धी बाजू तीस तारखेला सोडायची आहे. त्या खोक्यांचं भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.”

“भंगारवाला ती उघडेल.”

“मग काय, पूजेला ठेवेल? भंगारवाला आहे तो, साधू नाही.”

“लोकांची आहेत ती.”

“लोकांना हवी असती तर लोक आले असते. फोन लावले, लागले नाहीत. पत्रं पाठवली, परत आली. आता काय, दवंडी पिटू?”

“पिटा की. आपली ती वेबसाइट आहे ना?”

वेबसाइट होती. सहा वर्षांपूर्वी एका होतकरू माणसानं ती बनवली आणि तो जास्त होतकरू ठिकाणी निघून गेला. तिच्यावरच्या फोटोत जो ट्रक होता तो विकून झाला होता, आणि ट्रकसमोर हसत उभा असलेला ड्रायव्हर आता समोरच्या कंपनीत होता. मालकांनी एका डिझायनरला फोन लावला. त्यानं तीन आठवडे सांगितले.

“तीस तारखेला अठरा दिवस आहेत,” मावशी म्हणाल्या. “खोक्यांची यादी मी घालते.”

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या टेपकडे पाहिलं. “चिकटवायचं नसतं ते, मावशी.”

“शिकेन.”

“शिका. ज्याचा माणूस येईल ते खोकं राहील, बाकीची जातील.” साइटचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर होता. येणाराजाणारा कोणीही तो वाचू शकला असता, पण इतक्या वर्षांत तशी इच्छा कोणाला झाली नव्हती.

शिकायचं कोणाकडे हा प्रश्न सोपा होता, आणि म्हणूनच अवघड. मावशींच्या मुलीची सासू मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाली होती आणि दोन बसथांब्यांच्या पलीकडे राहत होती. पण दोघी विहिणींच्या मध्ये एक कप होता. सहा वर्षांपूर्वी विहीणबाईंनी घर बदललं तेव्हा मावशींनी आपली माणसं नेऊन ते हलवून दिलं. दीडशे वस्तू पोचल्या, एका कपाचा कान तेवढा पोचला नाही. तेव्हापासून मावशी कधीही गेल्या तरी चहा त्याच कपात येई आणि विहीणबाई अत्यंत नम्रपणे म्हणत, “घ्या. हा तुमचाच.”

त्या दिवशीही तो आला. मावशींनी तो दोन्ही हातांत धरला, चटका सोसला आणि म्हणाल्या, “विहीणबाई, मला पान करायला शिकवा. इंटरनेटवरचं.”

विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अठ्ठावीस वर्षं मुली त्यांच्याकडून शिकल्या त्या वेळापत्रकात होतं म्हणून. आपणहून विचारणारा जीव त्यांना पहिल्यांदाच भेटत होता, आणि तो नेमका विहिणीच्या रूपात आला होता.

“बसा,” त्या म्हणाल्या आणि जेवणाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं. “काय दिसतंय?”

“काही नाही.”

“छान. सगळ्यांची सुरुवात इथूनच. आता बघा, हे टोकदार कंस. त्यात टॅगचं नाव. पी म्हणजे परिच्छेद. हा उघडला. मग आपला मजकूर. मग पुन्हा तेच नाव, पण आधी तिरकी रेघ. हा बंद झाला. टॅग वाचकाला दिसत नाही, ब्राउझरला दिसतो. त्याला कळतं की हा परिच्छेद आहे.”

“म्हणजे खोकं,” मावशी म्हणाल्या. “हे लेबल, हा माल, आणि ती तिरकी रेघ म्हणजे टेप.”

विहीणबाईंनी बोट तिरक्या रेघेवर ठेवलं. “मी मुलींना कंटेनर सांगायचे. खोकं सुचलं नाही कधी.”

“उचललं नसेल कधी.”

हा टोला होता की निरीक्षण, हे विहीणबाईंना ठरवता आलं नाही, म्हणून त्या पुढे गेल्या. सगळ्यांच्या बाहेरून एचटीएमएलचा टॅग, त्यात दोन भाग, एक हेड आणि एक बॉडी. मावशींनी लगेच लावून घेतलं की, सगळ्यांच्या बाहेर ट्रक. हेड म्हणजे केबिन, तिथे माल ठेवत नाहीत, कागदपत्रं ठेवतात. बॉडी म्हणजे मागचा हौदा. मथळ्यांचे टॅग सहा, एच-वनपासून एच-सिक्सपर्यंत.

“सातवा का नाही?”

“सहाच आहेत.”

“कोणी ठरवलं?”

विहीणबाईंना हा प्रश्न एकाही मुलीनं विचारला नव्हता. “बघून सांगते,” त्या म्हणाल्या, आणि शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य फार महागाचं असतं.

मावशींनी पहिला मथळा लिहिला आणि त्याला एच-फोर लावला. विहीणबाईंनी विचारलं, का? मावशी म्हणाल्या, अक्षर नाजूक दिसतं. विहीणबाईंनी त्यांच्याकडे तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे बघावं तसं पाहिलं. “तुम्ही लेबलावर खोकं किती मोठं आहे ते लिहिता का?”

“छे! आत काय आहे ते.”

“मग टॅगही तसाच. दिसतं कसं, त्यावर तो ठरत नाही. ते आहे काय, त्यावर ठरतो. पानाचा मुख्य मथळा असेल तर एच-वन. रूप नंतर वेगळं देता येतं.”

मावशींनी चाराचा एक केला. आयुष्यभराचा आपला नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाला की माणूस हरल्यासारखाही होतो आणि जिंकल्यासारखाही.

दुसऱ्या दिवशी यादीचा टॅग झाला. चित्राचा झाला, जो बंदच करावा लागत नाही. त्यावर मावशी बराच वेळ अस्वस्थ होत्या, शेवटी “ते खोकं नाही, भिंतीतला खिळा आहे” असं ठरवून शांत झाल्या. तिसऱ्या दिवशी शेरा लिहायची खूण झाली, म्हणजे टोकदार कंसात उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा. त्यात लिहिलेलं पानावर दिसत नाही.

“मग लिहायचं कशाला?”

“आपल्यासाठी. कोणी पान उघडून आतलं बघितलं तर त्याला दिसतं.”

“आतलं बघता येतं?”

विहीणबाईंनी उजवं बटण दाबून एका बँकेच्या पानाचं अंतरंग उघडून दाखवलं. मावशी खुर्चीत पुढे सरकल्या. तेवीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं आतून पाहिली होती, पण कोणाची परवानगी न घेता, बूट न काढता, एका बटणावर? घरी जाऊन त्यांनी बँक पाहिली, बुटांचं दुकान पाहिलं, समोरच्या कंपनीचं पान पाहिलं. समोरच्यांच्या पानात तीन टॅग उघडेच राहिले होते. त्या रात्री जेवताना त्या दोनदा हसल्या आणि नवऱ्यानं कारण विचारलं नाही, कारण बायको कारणाशिवाय हसत असेल तर ते चांगलं आणि कारणानं हसत असेल तर ते आपणच असू, असा त्याचा हिशेब होता.

एक गोष्ट मात्र मावशींना पटेना. “टॅग चुकला तर हा ब्राउझर काहीच बोलत नाही?”

“नाही. आपल्या अंदाजानं सावरून घेतो आणि जमेल तसं दाखवतो.”

“एक शब्द न बोलता?”

“एक शब्द न बोलता.”

“मग हा माहेरचा आहे,” मावशी म्हणाल्या.

विहीणबाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. कानाशिवायच्या कपात, काठोकाठ.

सतरा आणि अठरा तारखेला मावशींनी गोदामात बसून पान लिहिलं. प्रत्येक खोक्यासाठी वेगळी यादी उघडली, कारण खोकी वेगळी होती. नंबर, वर्ष आणि लेबलावरचे शब्द, जसेच्या तसे. बंद मात्र एकही केली नाही. सदतीसच्या सदतीस भरून झाली, पुन्हा एकदा गोदामात जाऊन काही राहिलं नाही ना हे पाहिलं, आणि मग पानाच्या तळाशी, एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना टेप मारली. मथळ्यालाही. मोजून. मग विहीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे फाइल साइटवर चढवली.

पान उमटलं. अक्षरं सगळीच अवाढव्य होती, कारण मथळा शेवटपर्यंत बंदच झाला नव्हता. मावशींना वाटलं, लांबून दिसेल, बरंय. खोकी एकाखाली एक न येता पायरीपायरीनं उजवीकडे सरकत होती आणि पडद्याच्या कडेपलीकडे नाहीशी होत होती. मावशींना वाटलं, ट्रकमध्येही आडवीच लावतात. मालक येऊन बघून गेले आणि म्हणाले, “अक्षर मोठं आहे. छान.” नवऱ्याला घरी फोनवर दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “खोकी जिन्यानं उतरतायत वाटतं. लिफ्ट बंद आहे का?” आणि त्याच्याकडे नेहमीप्रमाणे कोणी लक्ष दिलं नाही. घरच्या माणसाचं बरोबर असलं तरी त्याला तसं सांगायची पद्धत नाही.

एकोणीस, वीस, एकवीस. एक फोन नाही. बावीस तारखेला सकाळी मावशी एकोणीस नंबरच्या खोक्यापाशी उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं की मालक म्हणतात ते खरं असेल. लोकांना हवं असतं तर लोक आले असते. भंगारवाला परवाच येऊन खोकी नजरेनं तोलून गेला होता. जाताना त्यानं नेमकं एकोणीसच उचलून पाहिलं होतं.

दुपारी फोन वाजला. विहीणबाई होत्या.

“पान बघितलं. मोबाइलवर सहा खोकी दिसतात. बाकीची खिडकीतून बाहेर पडलीत. या.”

मावशी गेल्या. विहीणबाईंनी पानाचं अंतरंग उघडलं, खाली खाली नेलं, आणि तळाशी थांबल्या. तिथे बंद करण्याचे टॅग एकाखाली एक, शिस्तीत, कवायतीला उभे केल्यासारखे.

“हे काय?”

“बंद केलीत की सगळी. मोजून घ्या.”

“शेवटी?”

“शेवटीच करतात.”

“कोण करतं शेवटी? भरलं की बंद, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी. पहिलं बंद केलं नाहीत तर दुसरं त्याच्या पोटात जातं. दुसरं बंद नाही, तर तिसरं दुसऱ्याच्या पोटात. तुमची सदतीस खोकी एकात एक गेलीत!”

मावशींच्या डोळ्यांसमोर ते खोकं उभं राहिलं. “उचलायला गेलं तर दुसरा खांदाही जाईल,” त्या म्हणाल्या.

“पण शेवटी बंद करायचं हे काढलंत कुठून?”

“आमच्यात तसंच आहे. आधी बंद केलं की गिऱ्हाईक काहीतरी घेऊन येतंच.”

“कोण येतं?”

मावशींनी समोरच्या कपाकडे पाहिलं. सहा वर्षं आवरून धरलेली गोष्ट सुटायची ती अशीच सुटते, दुसऱ्याच विषयात.

“तुम्ही आलात,” त्या म्हणाल्या. “विहिणीचं घर, लवकर मोकळं करावं म्हणून त्या दिवशी मी जेवणाआधीच टेप मारली. आयुष्यात एकदाच. आणि तुम्ही आलात, हातात हा कप. म्हणालात, अगंबाई, हे राहिलंच! मी म्हटलं, द्या, गुंडाळते. तुम्ही म्हणालात, राहू दे, माझं मी ठेवते. टेप सोडवलीत आणि कढयांच्या खोक्यात वरच्या वर, तसाच कोंबलात.”

विहीणबाईंनी तो दिवस मनात मागे नेऊन पाहिला असावा, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“सहा वर्षं बोलला का नाहीत?”

“मुलगी तुमच्या घरात आहे.”

विहीणबाईंनी कप उचलला, आत नेला, आणि येताना मावशींसाठी कानाचा कप आणला. कानाशिवायचा स्वतःपुढे ठेवला. मग घसा साफ करून शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, “आता ऐका. तुमचा नियम पुठ्ठ्यासाठी बरोबर आहे. तिथे टेप सोडवली की पुठ्ठा फाटतो. इथे फाटत नाही. कोणी काही आणलं तर शंभर वेळा मध्ये घालता येतं. म्हणून इथे भरलं की लगेच बंद. आणि एकात एक असतील तर शेवटी उघडलेलं आधी बंद.”

“ते कळतं. लहान खोकं बंद केल्याशिवाय मोठं मिटतच नाही.”

“मग एकच यादी उघडा, तिच्यात सदतीस वस्तू ठेवा, शेवटी यादी बंद. मथळा मात्र तिथल्या तिथे.”

मावशींनी लिहायला घेतलं. तासाभरात जिना मोडला आणि खोकी एका ओळीत उभी राहिली. एकोणिसाव्यावर विहीणबाईंनी बोट ठेवलं. “‘आई. वरचं कपाट. हळू.’ यातून कोणाला काय कळणार? ‘मध्यम आकाराचं खोकं, खाकी’ असं काहीतरी लिहा.”

“ते खोकं कसं दिसतं ते झालं,” मावशी म्हणाल्या. “तुम्हीच म्हणालात, ते आहे काय ते सांगायचं.”

आपलाच धडा आपल्यावर उलटलेला पाहून विहीणबाईंनी बोट मागे घेतलं. मावशींनी ‘हळू’ या शब्दाभोवती स्ट्राँगचा टॅग घातला.

“ठळक दिसावं म्हणून?” विहीणबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“नाही. महत्त्वाचं आहे म्हणून.”

“शाबास,” विहीणबाई म्हणाल्या. शाळेबाहेर हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो बहुधा पहिलाच.

चोवीस तारखेला पहिला फोन आला. एका गृहस्थाला शिवणयंत्राचं झाकण हवं होतं. यंत्र आठ वर्षं त्याच्याकडे उघडं होतं. मग ‘फेकू नका, फेकू नका’चे दोन भाऊ आले. नेमकं काय फेकायचं नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण नेताना त्यांनी खोकं चारही बाजूंनी धरलं. ‘काय आहे माहीत नाही, पण घ्या’साठी तिघांनी फोन केला. एका बाईनं शोधाशोध करताना पान पाहिलं आणि खोकं विचारायच्या ऐवजी, जुनी खोकी इतकी जपणारी माणसं घर हलवतील का, असं विचारलं. असे दोन दिवसांत तीन फोन झाले. मालकांनी अठ्ठावीसला जाहीर केलं की, उरलेली खोकी पुढच्या बाजूच्या माळ्यावर राहू शकतात, भंगारवाल्याला ते कळवतील, आणि लोकांच्या वस्तूंबद्दल आपल्याला पहिल्यापासून आस्था होती. मावशींनी मान डोलावली. आस्था उशिरा आली तरी तिला दारातून परत पाठवू नये.

पण एकोणीस नंबरचं कोणी विचारत नव्हतं. माळ्यावर चढलेलं खोकं कसं असतं, ते मावशींना ठाऊक होतं. भंगारात एका दिवसात संपतं, माळ्यावर वीस वर्षांत.

एकोणतीसला संध्याकाळी चाळिशीतली एक बाई दारात उभी राहिली. गळ्यात दवाखान्याच्या ओळखपत्राची दोरी, कामावरून थेट आलेली.

“तुमच्या पानावर एकोणीस नंबरला... ‘आई, वरचं कपाट, हळू’ असं लिहिलंय?”

“हो.”

“ते ‘हळू’ मी म्हणाले होते. तुमच्यापैकी कोणीतरी लिहून घेत होतं. मला वाटलं होतं, ‘नाजूक वस्तू’ वगैरे लिहितील. तसं लिहिलं असतं तर मला कळलंच नसतं.”

मावशींनी कानामागचा मार्कर काढला, पुन्हा ठेवला. “आई?”

“गेली. चार वर्षं झाली. तिच्या वरच्या कपाटाला आम्ही कधी हात लावला नाही. लावू द्यायची नाही. आत काय आहे?”

“मला काय ठाऊक? मी फक्त भरलं.”

दोघी खोक्याशी आल्या. बाईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. “तुम्ही उघडा. टेप तुमची आहे.”

“मालकाशिवाय उघडत नाही आम्ही.”

“मालक मी. सांगतेय, उघडा.”

मावशींनी कात्री न लावता नखानं टेपचं टोक सोडवलं. आत चुरगळलेल्या कागदाची गादी, चारही कोपऱ्यांत पीळ देऊन बसवलेली. हात आपलाच आहे हे त्यांना पटलं. गादीखाली दुसरं लहान खोकं होतं, पण त्याला टेप नव्हती. सुतळी होती, दोन गाठी मारलेली. मावशींनी हात थांबवला. आठवत का नव्हतं ते आत्ता कळलं. सुतळीच्या आतलं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“इथपर्यंत मी,” त्या म्हणाल्या. “पुढे तुमची आई.”

बाईनं गाठी सोडवल्या. आत एक लोकरीचा स्वेटर, आणि स्वेटरच्या आत चाकांचे बूट. पांढऱ्या चामड्याचे, पिवळे पडलेले, प्रत्येकाला चार चाकं.

“आई?” बाई म्हणाली, जणू ती समोर उभी होती. “आमची आई रस्ता ओलांडताना माझी बाही धरायची हो. लिफ्टला घाबरायची. सहा मजले चढायची. हे तिचे कसे असतील?”

मावशींनी एक बूट हातात घेतला, उलटा केला, आत पाहिलं. तळव्यावर पाच बोटांच्या काळसर खुणा होत्या आणि टाचेशी आकडा. “पाच नंबर.”

“तिचा पाचच.”

“आणि हे पाहा.” पुढच्या टोकाला रबराचा गोळा होता, अर्ध्याहून जास्त झिजलेला. “थांबायचं ते यानं. इतकं झिजायला पुष्कळ वेगानं जावं लागतं. नि पुष्कळदा थांबावं लागतं.”

बाईनं एका चाकाला बोट लावलं. ते फिरलं, आणि अपेक्षेपेक्षा बराच वेळ फिरत राहिलं. दोघी ते थांबेपर्यंत बघत होत्या. मग तिनं बूट स्वेटरमध्ये, स्वेटर खोक्यात, सुतळी पुन्हा दोन गाठींनी, असं सगळं होतं तसं बंद केलं. मावशींनी बाहेरच्या खोक्याला नवी टेप मारली. लेबल जुनंच ठेवलं. पोचवायला त्या दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “हळू.”

मग टेबलाशी येऊन त्यांनी पान उघडलं. एकोणिसावी ओळ काढून टाकायची होती, बाकी गेलेल्यांच्या काढल्या तशी, उघडायच्या टॅगपासून बंदच्या टॅगपर्यंत. हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी ओळ ठेवली, आणि तिच्या आधी शेऱ्याची खूण, म्हणजे टोकदार कंस, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा लिहिल्या. आता ती पानावर दिसणार नव्हती. कोणी मुद्दाम उघडून पाहिलं तरच दिसेल. ओळीच्या शेवटी त्यांनी एक शब्द जोडला, ‘पोचलं.’ आत काय होतं ते लिहिलं नाही. गिऱ्हाईक बोललं नाही ते त्यांनी तेवीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं.

आणि दुसरं काही आठवायच्या आत लगेच बंद केलं.